बॉयलरवरचा क्रमांक : यंत्र सुरक्षित आहे, हे सांगायचे कोणी?

१/
दसऱ्याच्या मागेपुढे पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास झळकते : अमुक सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ संपन्न. पूजा, नारळ, संचालक मंडळ, सपत्नीक बसलेले यजमान आणि भट्टीत पडणारा पहिला अग्नी. छायाचित्रात न दिसणारा एक विधी मात्र त्याआधीच उरकलेला असतो. थंड केलेल्या, पाणी काढून टाकलेल्या बॉयलरच्या पोटात कोणीतरी दिवा घेऊन शिरलेले असते, पत्रे आणि नळ्या तपासलेल्या असतात आणि एका कागदावर सही झालेली असते. त्या सहीवाचून तो अग्नी पेटवणे हा गुन्हा आहे.

२/
प्रत्येक नोंदणीकृत बॉयलरच्या अंगावर एक क्रमांक कायमचा कोरलेला असतो. मालक बदलला, कारखाना बदलला, तरी तो क्रमांक बदलत नाही. हा क्रमांक, ती सही आणि तो कागद यांच्यामागे एक साधा दिसणारा प्रश्न आहे. यंत्र सुरक्षित आहे, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? मालकाचा, विमा कंपनीचा की सरकारचा? इंग्लंड आणि अमेरिका या प्रश्नाशी शंभर वर्षे झुंजत राहिले. सरकारी सक्तीचे उत्तर लंडनच्या कितीतरी आधी कलकत्त्याने दिले. त्याची ही कथा. #धागा

३/
आधी बॉयलर फुटतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. बंद भांड्यात दाब वाढला की उकळण्याचा बिंदूही वर सरकतो. वातावरणाच्या सातपट दाबाखाली पाणी सुमारे १६५ अंशांपर्यंत पाणीच राहते. अशा वेळी भांड्याचा पत्रा फाटला तर दाब क्षणात नाहीसा होतो आणि त्या अतितप्त पाण्यातला मोठा हिस्सा त्याच क्षणी वाफ होऊ पाहतो. वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. म्हणून बॉयलरमध्ये धोका आधी साठलेल्या वाफेपेक्षा त्या तापलेल्या पाण्यात अधिक असतो. टनावारी वजनाचे लोखंडी पिंप इमारतीचे छप्पर फोडून उडते, ते या पाण्यामुळे.

४/
जेम्स वॉटची इंजिने जवळजवळ वातावरणाच्या दाबावरच चालत. ती अवजड होती, कोळसा भरपूर खात. पण त्यांच्या बॉयलरचा स्फोट हे रोजचे भय नव्हते. उच्च दाबाची वाफ वापरायला वॉट यांचा विरोध होता. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेविथिक यांनी मात्र १८०० च्या सुमारास तेच धाडस केले. इंजिन लहान झाले, स्वस्त झाले, चाकांवर चढवता येईल इतके आटोपशीर झाले.

५/
सप्टेंबर १८०३. लंडनजवळच्या ग्रीनिच येथे ट्रेविथिक यांचे एक इंजिन पाणी उपसण्याच्या कामावर होते. ते सांभाळणारा मुलगा ईल मासे पकडायला गेला. दुसऱ्या कामगाराने मध्येच इंजिन थांबवले, पण सुरक्षा झडप मोकळी केली नाही. वाफेला वाट उरली नाही. बॉयलर फुटला आणि चार माणसे मेली. वॉट यांच्या गोटाला आयतेच कोलीत मिळाले.

६/
ट्रेविथिक यांनी या अपघातानंतर दोन सुधारणा केल्या, आणि दोन्ही आज आपल्या स्वयंपाकघरात आहेत. एका झडपेऐवजी दोन झडपा. आणि बॉयलरमध्ये शिशाचे एक बूच. पाणी खाली गेले, पत्रा नको तितका तापला की शिसे वितळते आणि वाफ बाहेर पडते. प्रेशर कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जी वितळणारी सेफ्टी झडप असते, ती याच बुचाची वंशज.

७/
ट्रेविथिक यांच्या बुचाने उत्तर दिले ते यंत्राच्या बाजूने. पण मुलगा मासे पकडायला गेला, हा दोष बुचाचा नव्हता. सांभाळणारा कोण, त्याला काय शिकवले, त्याच्यावर कोणाची नजर, या प्रश्नांना बूच पुरेसे नव्हते. ही दोरी पुढच्या सगळ्या इतिहासात लोंबकळत राहते.

८/
१८१७ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे प्रवासी आगबोटीचा बॉयलर फुटला. पार्लमेंटने समिती नेमली. समितीने शहाणपणाच्या शिफारशी केल्या : प्रवासी बोटींचे बॉयलर जाणकाराकडून तपासून घ्यावेत, दोन सुरक्षा झडपा असाव्यात, त्यांपैकी एक इंजिनवाल्याच्या हाती लागू नये. दुसरी अट वाचून हसू येईल, पण कारण खरे होते. वेग वाढवण्यासाठी झडपेवर जास्तीचे वजन ठेवणे, ती बांधून टाकणे हे प्रकार सर्रास चालत. शिफारशी आल्या, कायदा झाला नाही.

९/
अमेरिकेत परिस्थिती अधिक बिकट होती. मिसिसिपी आणि ओहायो या नद्या म्हणजे त्या देशाचे महामार्ग. त्यांवर उच्च दाबाच्या बोटी एकमेकींशी शर्यती लावत. स्फोटांबद्दल लोकांत चित्रविचित्र सिद्धांत होते. कोणी म्हणे बॉयलरमध्ये हायड्रोजन वायू तयार होतो, कोणी विजेला दोष देई. कारण गूढ असले की जबाबदारीही धूसर होते, हे मालकांच्या सोयीचेच होते.

१०/
अमेरिकी सरकारने फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटला १८३० च्या दशकात प्रयोगांसाठी पैसे दिले. वैज्ञानिक संशोधनासाठी त्या सरकारने दिलेला हा पहिला निधी मानला जातो. बॉयलर मुद्दाम फोडून पाहिले गेले. हायड्रोजनचा सिद्धांत टिकला नाही. उरली ती साधी, नीरस कारणे : पातळ पत्रा, कमी पाणी, निकामी झडप, निष्काळजी माणूस.

११/
एप्रिल १८३८ मध्ये सिनसिनाटीजवळ ‘मोझेल’ या बोटीच्या स्फोटात शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने तपासणीचा कायदा केला. पण निरीक्षकाने नेमकी कोणती चाचणी घ्यायची, कोणता बॉयलर नापास करायचा, हे त्या कायद्यात नव्हते. निकष नसलेली तपासणी म्हणजे नुसती सही. स्फोट चालूच राहिले. १८५२ मध्ये दुसरा, कडक कायदा आला. त्यात जलदाब चाचणी होती, निरीक्षकांची व्यवस्था होती, इंजिनवाल्यांना परवाने होते.

१२/
जलदाब चाचणीची कल्पना फार देखणी आहे. बॉयलर वाफेने नव्हे, तर थंड पाण्याने काठोकाठ भरायचा आणि पंपाने दाब नेहमीच्या दाबाच्या दीडपटीपर्यंत चढवायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. पत्रा कच्चा असेल तर तो चिरतो, पाणी गळते, दाब झटकन उतरतो आणि निरीक्षक घरी जाऊन जेवतो. हीच चाचणी वाफेने घेतली तर तो घरी जाईलच असे नाही. आजही जगभर हीच रीत आहे.

१३/
पण १८५२ चा कायदा फक्त प्रवासी आगबोटींपुरता होता. कारखान्यातला बॉयलर ही मालकाची खासगी मालमत्ता. आणि बोटींवर तरी काय झाले?

१४/
२७ एप्रिल १८६५. यादवी युद्ध संपत आले होते. दक्षिणेच्या कैदेतून सुटलेले उत्तरेचे सैनिक ‘सुलताना’ या बोटीवरून मिसिसिपीतून घरी निघाले होते. कायद्याने ३७६ जणांची परवानगी, बोटीवर दोन हजारांहून अधिक माणसे. सैनिकांच्या वाहतुकीचे पैसे माणशी मिळत होते. विक्सबर्ग येथे बॉयलरचा एक पत्रा फुगलेला आढळला. कारागिराचे म्हणणे होते की मोठी दुरुस्ती हवी. कप्तानाला घाई होती. कैदी दुसऱ्या बोटीला मिळाले असते. ठिगळ लावून बोट निघाली. मेम्फिसच्या पुढे मध्यरात्रीनंतर बॉयलर फुटले. मृतांचा आकडा आजही नक्की नाही. अंदाज अकराशेपासून अठराशेपर्यंत जातात.

१५/
‘सुलताना’कडे तपासणीचे वैध प्रमाणपत्र होते. तपासणी त्याच महिन्यात झाली होती. शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही.

१६/
आता पुन्हा इंग्लंड. लँकेशायर हा कापूस गिरण्यांचा जिल्हा. एकेका गल्लीत बॉयलर. स्फोट झाला की कॉरोनरची चौकशी होई आणि ज्युरी बहुधा ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय देऊन उठत. विल्यम फेअरबेर्न हे त्या काळातले नामांकित अभियंते. लँकेशायर बॉयलर म्हणून पुढे जगभर गेलेल्या बॉयलरचे पेटंट १८४४ मध्ये घेणारे तेच. अनेक स्फोटांची चौकशी केल्यावर त्यांचे मत पक्के झाले की यात दैवी काही नाही. नियमित तपासणी केली तर बहुतेक स्फोट टळतात.

१७/
त्यातून १८५४ मध्ये मँचेस्टरला गिरणीमालकांची एक संस्था उभी राहिली. वर्गणी भरायची, संस्थेचे निरीक्षक येऊन बॉयलर पाहणार, सल्ला देणार. सरकार यात कुठेच नाही. सुरुवातीला संस्थेने विमा देण्याचे नाकारले. युक्तिवाद असा की नुकसानभरपाई मिळणार असेल तर मालक काळजी घेणे सोडील. संस्थेचे मुख्य निरीक्षक रॉबर्ट लाँगरिज यांना हे पटले नाही. ते बाहेर पडले आणि बॉयलर विम्याची कंपनी काढली. त्यांचा हिशेब उलटा होता : स्फोट झाला तर पैसे आपल्या खिशातून जाणार असतील, तर आपण बॉयलर अधिक बारकाईने पाहू.

१८/
दोन्ही बाजूंत तथ्य होते. बाजारात मात्र लाँगरिज जिंकले. मँचेस्टरच्या संस्थेलाही पुढे हमी देणे भाग पडले. अटलांटिकपलीकडे १८६६ मध्ये, ‘सुलताना’ची राख थंड होते न होते तोच, हार्टफर्ड येथे याच तत्त्वावर तपासणी आणि विमा करणारी कंपनी स्थापन झाली. ती आजही आहे.

१९/
मग सक्ती का नको? १८७०-७१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीसमोर हाच प्रश्न होता. समिती सरकारी तपासणीच्या विरोधात गेली. कारण ऐकण्याजोगे आहे : सरकारने प्रमाणपत्र दिले की मालक म्हणणार, आता जबाबदारी सरकारची. ‘सुलताना’चा अनुभव पाहता हा युक्तिवाद उडवून लावता येत नाही. पण जे बॉयलर कोणीच पाहत नव्हते, त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना या तत्त्वज्ञानाचा काय उपयोग होता, हे समितीने सांगितले नाही.

२०/
१८८२ च्या ब्रिटिश कायद्याने स्फोट झाल्यानंतर चौकशी सक्तीची केली. स्फोटाआधीची तपासणी? ती कारखान्यांना सक्तीची झाली १९०१ मध्ये : दर चौदा महिन्यांतून एकदा, जाणकार व्यक्तीकडून. ही जाणकार व्यक्ती बहुधा विमा कंपनीचाच माणूस असे.

२१/
१९०१ हे साल लक्षात ठेवून आता कलकत्त्याला येऊ.

२२/
१८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन अनेक माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालच्या विधिमंडळाने कायदा केला (१८६४ चा सहावा). कलकत्ता शहर आणि उपनगरांतल्या वाफेच्या बॉयलरांची सरकारी तपासणी त्याने सुरू केली. भारतातला हा पहिला बॉयलर कायदा. हळूहळू मुंबई इलाख्यासह इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. म्हणजे मँचेस्टरमध्ये तयार झालेला बॉयलर मँचेस्टरमध्ये बसला तर त्याला सरकार हात लावू शकत नव्हते. तोच हुगळीच्या काठी बसला की सरकारी तपासणी अटळ.

२३/
असे का? एक कारण उघड आहे. मँचेस्टरसारख्या संस्था आणि विमा कंपन्या इथे नव्हत्या. तपासणी करायची तर ती सरकारनेच. दुसरे कारण, मालकाच्या खासगी हक्कांत ढवळाढवळ करताना लंडनला जो संकोच वाटे, तो वसाहतीतल्या सरकारला वाटण्याचे कारण नव्हते. आणि तिसरे जरा कडू आहे. बॉयलर फुटला तर तो भिंतीच्या आत थांबत नाही. शेजारची गोदामे, बंगले, धक्के, गोरे अभियंते सगळेच त्याच्या टप्प्यात येतात.

२४/
हे तिसरे कारण ताडून पाहण्याचा एक मार्ग आहे. जे धोके भिंतीच्या आतच राहतात, त्यांचे काय झाले? मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पट्टे, दंतचक्रे, गतिचक्रे उघडी. त्यांच्याखाली सफाई करणारी लहान मुले. या मुलांसाठी, आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे असावेत यासाठी पहिला कायदा आला १८८१ मध्ये. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी त्यासाठी आधी मसुदा तयार केला होता. आलेला कायदा दुबळा होता : शंभरावर कामगार असलेल्या कारखान्यांपुरता, सात वर्षांखालील मुलांना बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास.

२५/
बॉयलरला सरकारी डोळा मिळाला १८६४ मध्ये. सात वर्षांच्या मुलाला १८८१ मध्ये.

२६/
नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या शाळेच्या पुस्तकांत येतात. आणखी एक मागणी मात्र क्वचितच सांगितली जाते : कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. यंत्राची तपासणी हा प्रश्नाचा अर्धा भाग. यंत्राने मोडलेल्या माणसाचे काय, हा दुसरा. लोखंडे यांनी दुसरा भाग कागदावर आणला.

२७/
दरम्यान अमेरिकेत तपासणीच्या मर्यादा पुन्हा एकदा उघड्या पडल्या. २० मार्च १९०५, मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन. ग्रोव्हर यांचा बुटांचा कारखाना, चार मजली लाकडी इमारत. नेहमीचा बॉयलर बंद होता म्हणून जुना, राखीव बॉयलर पेटवला होता. सकाळी आठच्या सुमारास तो फुटला आणि सगळे मजले छेदून छपरातून बाहेर गेला. इमारत अवजड यंत्रांसकट खाली बसली. ढिगाऱ्याला आग लागली. ५८ माणसे मेली. आत अडकलेल्यांपैकी अनेकांपर्यंत बाहेरचे लोक पोहोचू शकले नाहीत.

२८/
हा बॉयलर बेवारशी नव्हता. त्याचा विमा होता आणि तपासणीही झाली होती. मग चूक कोणाची? दोष जोडणीत दडला होता. त्या काळी पत्र्याची दोन टोके एकमेकांवर चढवून रिव्हेट मारत. त्यामुळे पिंप पूर्ण गोल होत नसे. बॉयलर पेटला की दाब त्याला गोल करू पाहतो, विझला की पत्रा परत येतो. तार वाकवून वाकवून तुटावी, तशी जोडापाशी बारीक भेग पडू लागते. ती पडते वरच्या पत्र्याखाली, रिव्हेटांच्या रांगेलगत. निरीक्षक आत शिरो की बाहेरून पाहो, हातोडीने ठोको की दिवा धरो, त्याला ती दिसत नाही.

२९/
डोळ्यांनी पाहून जे कळत नाही, ते प्रमाणपत्र कसे सांगणार? ब्रॉक्टनने तपासणीचा अर्थच बदलला. तयार यंत्र पाहणे पुरेसे नाही. ते कसे बनवायचे, पोलाद कोणते, जाडी किती, जोड कसा, हेच आधी ठरले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९०६ च्या डिसेंबरात, त्याच राज्यातील लिन येथे बुटांच्याच दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला. १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम करणारे मंडळ नेमले.

३०/
आता नवा गुंता. प्रत्येक राज्याचे, कधी प्रत्येक शहराचे नियम वेगळे झाले. एका राज्यात पास झालेला बॉयलर सीमेपलीकडे नापास. उत्पादक वैतागले. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये समिती नेमली. भरपूर वादानंतर ११४ पानांची संहिता १९१४ मध्ये मंजूर झाली आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी खात्याऐवजी अभियंत्यांनी लिहायची, राज्यांनी हवी तर कायद्यात घ्यायची, अशी ही विचित्र चीज होती. ती टिकली आणि जगभर पोहोचली. भारतीय कारखान्यांतही तिचा शिक्का मारलेली दाबपात्रे आज सर्रास दिसतात.

३१/
भारताचे दुखणे नेमके हेच होते. सात वेगवेगळे प्रांतिक कायदे, नियमांचे सात संच, काही परस्परविरोधी. १९२० मध्ये सरकारने बॉयलर कायदे समिती नेमली, १९२१ मध्ये तिचा अहवाल आला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये भारतीय बॉयलर कायदा संमत झाला. तो १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला.

३२/
या कायद्याची रचना आजही वाचण्याजोगी आहे. नोंदणीवाचून बॉयलर वापरायचा नाही. निरीक्षक मोजमाप घेणार आणि कमाल दाब ठरवणार. ठरलेला क्रमांक बॉयलरवर कायमचा कोरायचा. प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः बारा महिने. तपासणीच्या दिवशी बॉयलर थंड आणि रिकामा करून देणे ही मालकाची जबाबदारी. अपघात झाला तर चोवीस तासांत कळवायचे. दुरुस्ती किंवा फेरबदल परवानगीवाचून करायचे नाहीत. विक्सबर्गच्या ठिगळाला या कायद्यात जागा नव्हती. रेल्वे इंजिनांचे बॉयलर मात्र कायद्याबाहेर. रेल्वे आपले आपण पाहील, असा भरवसा.

३३/
१९२३ या सालाचा आणखी एक योग आहे. बॉयलर कायद्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, मार्च १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला. लोखंडे यांनी १८८४ मध्ये कागदावर आणलेला दुसरा अर्धा भाग तो हाच. लोखंडे १८९७ मध्येच वारले होते.

३४/
पुढचे टप्पे भराभर : १९३७ मध्ये केंद्रीय बॉयलर मंडळ, १९५० मध्ये भारतीय बॉयलर विनियम. पत्र्याची जाडी, वेल्डिंग, वेल्डरची परीक्षा, नळ्या, झडपा, सगळे त्या जाडजूड पुस्तकात. बॉयलर सांभाळणाऱ्यालाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. ग्रीनिचच्या मासे पकडणाऱ्या मुलाची जागा आता परीक्षा उत्तीर्ण अटेंडंटने घेतली. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. (‘बाष्पक’ हा शब्द खात्याच्या पाटीवर आहे, कारखान्यात त्याला बॉयलरच म्हणतात.)

३५/
२००७ च्या दुरुस्तीने एक जुने दार पुन्हा उघडले. सरकारी निरीक्षकाबरोबर मान्यताप्राप्त ‘सक्षम व्यक्ती’लाही तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची मुभा मिळाली. निरीक्षक मोजके, बॉयलर वाढते, हे त्याचे व्यवहारी कारण. पण मँचेस्टरचा जुना वाद यात जसाच्या तसा परत आला आहे. तपासणीचे शुल्क मालक देणार आणि तपासणाराने मालकाला नापास करायचे, हे कितपत घडेल? सरकारी निरीक्षकाबाबतही शंका घेता येतात, हे ‘सुलताना’ सांगून गेली. तरी मालकाने निवडलेल्या परीक्षकावर अधिक डोळा ठेवावा लागतो, हेही तितकेच खरे.

३६/
१ नोव्हेंबर २०१७. उत्तर प्रदेशातील ऊंचाहार औष्णिक वीजकेंद्र, ५०० मेगावॉटचा नवा संच. भट्टीच्या तळाशी राख साचत गेली. संच बंद न करता ती काढण्याचे प्रयत्न चालू होते. दाब वाढून तापलेले वायू आणि राख बाहेर फेकली गेली. चाळीसहून अधिक कामगार मेले. इथे पत्रा जुना नव्हता की ब्रॉक्टनसारखी भेग लपलेली नव्हती. वर्षातून एक दिवस होणाऱ्या तपासणीला उरलेल्या ३६४ दिवसांत यंत्र कसे हाकले जाते, ते दिसत नाही.

३७/
आणि कायद्याची व्याख्या जिथे संपते, तिथे काय? मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, तेव्हा पहिल्या बातम्यांत ‘बॉयलरचा स्फोट’ असेच आले. नंतर स्पष्ट झाले की फुटला तो रासायनिक रिॲक्टर. बॉयलर कायदा वाफ तयार करणाऱ्या पात्रांचा. रसायने शिजवणारे पात्र त्याच्या कक्षेबाहेर, कारखाने कायद्याच्या आणि इतर नियमांच्या ताब्यात. शेजारच्या इमारतींतल्या फुटलेल्या काचांना हा फरक कळत नाही. पण कोणत्या खात्याचा माणूस त्या यंत्राच्या पोटात शिरणार, हे त्यावरच ठरते.

३८/
१९२३ चा कायदा शंभरी ओलांडून निवृत्त झाला. त्याच्या जागी बॉयलर्स कायदा, २०२५ आला आहे. जीवितहानी होऊ शकेल अशा गंभीर गुन्ह्यांसाठी फौजदारी शिक्षा कायम आहे. किरकोळ चुकांसाठी आता दंड. नोंदणी, क्रमांक, प्रमाणपत्र हा सांगाडा तोच.

३९/
गिरणगावातल्या गिरण्या बंद पडल्या तसे तिथले लँकेशायर बॉयलर भंगारात गेले. काही चिमण्या अजून उभ्या आहेत. त्यांच्या बुडाशी मॉल आहेत. बॉयलर विकला गेला तर त्याच्यासोबत नोंदणीची वही नव्या मालकाकडे जाते. तिच्यात पहिल्या मोजमापापासून प्रत्येक तपासणी, प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक वेळी ठरवलेला दाब तारखेनिशी लिहिलेला असतो. वय वाढते तसा पत्रा झिजतो आणि वहीतला दाबाचा आकडा वर्षागणिक खाली खाली येत जातो. शेवटच्या नोंदीत दाब नसतो, फक्त इतकेच लिहिलेले असते की बॉयलर मोडीत काढला.